घोडा, यंत्र आणि मर्यादित पैसा : अमेरिकेतील लहान शेतकऱ्याची ट्रॅक्टर-निवड (१९१७-१९५२)

कृषियंत्रांचा इतिहास बहुधा ती यंत्रे घडविणाऱ्यांच्या अंगाने लिहिला जातो. फ्रोलिख, फोर्ड, फर्ग्युसन ही नावे त्यात ठळकपणे येतात. परंतु ज्याच्या पागेत चार-सहा घोडे होते, ज्याची जमीन शंभर एकरांच्या आसपास होती, आणि ज्याला हाती असलेल्या थोड्या रकमेतून एकच यंत्र घ्यावयाचे होते, अशा शेतकऱ्याने ते कसे निवडले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः यंत्राचे यशापयश ठरविले ते याच निवडीने. प्रस्तुत निबंधात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील या निवडीचा मागोवा घ्यावयाचा आहे. १९१७ साली फोर्डसन ट्रॅक्टर निघाला आणि १९५२ साली फोर्ड ८-एन या ट्रॅक्टरचे उत्पादन थांबले. या दोन घटनांमधील पस्तीस वर्षे हा या विवेचनाचा मुख्य काळ होय.

१. घोड्याचा जमाखर्च

१९२० च्या सुमारास अमेरिकेतील शेतांवर घोडे व खेचरे मिळून सुमारे अडीच कोटी जनावरे होती; त्याच वर्षीच्या गणनेत शेतांवरील ट्रॅक्टरांची संख्या अडीच लाखांच्याही आत होती. या जनावरांच्या वैरणीसाठी देशातील पिकाखालच्या जमिनीपैकी सुमारे एक चतुर्थांश जमीन खर्ची पडे. ट्रॅक्टरच्या पुरस्कर्त्यांनी या आकड्यावर मोठा भर दिला. घोडा बारा महिने खातो, ट्रॅक्टर मात्र काम करतो तेवढाच वेळ इंधन घेतो, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद खरा असला तरी अपुरा होता. घोडा खात असे ते ओट आणि गवत शेतातच पिकलेले असे. त्यासाठी रोख पैसा मोजावा लागत नसे. ट्रॅक्टरचे रॉकेल, तेल आणि सुटे भाग मात्र रोखीनेच घ्यावे लागत. घोडीला शिंगरू होई आणि जुने जनावर थकण्यापूर्वी नवे तयार होई. यंत्राला वारस नसतो, त्याची किंमत घटतच जाते. घोड्याची लीद जमिनीत परत जाई. १९१९ साली स्थापन झालेल्या हॉर्स असोसिएशन ऑफ अमेरिका या संस्थेने आणि तिचे चिटणीस वेन डिन्स्मोर यांनी हीच बाजू पुढील अनेक वर्षे हिरिरीने मांडली. या संस्थेत घोड्यांच्या व्यवसायाशी ज्यांचे हितसंबंध होते असे लोक होते, हे खरे. तथापि ज्याच्याकडे रोख पैसा कमी त्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे निराधार नव्हते.

यातून या विषयातील मध्यवर्ती अडचण स्पष्ट होते. ट्रॅक्टर घेतल्यावर घोडे विकता आले तरच हिशेब जमे. यंत्राने नांगरट केली, पण पेरणी, कोळपणी व वाहतुकीसाठी घोडे ठेवावेच लागले, तर शेतकऱ्यावर दुहेरी भार पडे. घोड्यांची वैरण चालूच राही आणि यंत्राचे हप्ते नव्याने सुरू होत. स्वस्त ट्रॅक्टर कोणता, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच केवळ विक्रीच्या किमतीत सापडत नाही.

२. नाव आणि मोजमाप

निवडीतील दुसरी अडचण भाषेची होती. 'ट्रॅक्टर' हा शब्द ओढणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस एलिशा पर्किन्स नावाच्या अमेरिकन वैद्याने शरीरातील दुखणे 'ओढून' काढण्यासाठी धातूच्या दोन सळया विकल्या, त्यांचे नाव ट्रॅक्टर असेच होते. शेतातील यंत्राला हे नाव रूढ झाले ते १९०७ च्या सुमारास, आयोवा राज्यातील हार्ट-पार कंपनीच्या जाहिरातींमुळे. त्यापूर्वी 'ओढकामाचे इंजिन' अशा अर्थाचा लांबलचक शब्दप्रयोग होत असे.

यंत्राला नवे नाव मिळाले, पण त्याचे माप जुन्या जनावराचेच राहिले. जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाचे गिऱ्हाईक पटावे म्हणून घोड्याच्या कामाशी तुलना करून मिनिटाला ३३,००० फूट-पौंड हे अश्वशक्तीचे परिमाण ठरविले होते. ट्रॅक्टरांना तर नावेच या परिमाणाने दिली जात. '१०-२०' याचा अर्थ ओढीसाठी दहा आणि पट्ट्यावर मळणीयंत्र वगैरे चालविण्यासाठी वीस अश्वशक्ती. हे ऐकून साध्या शेतकऱ्याने दहा घोड्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणले तर नवल नाही. परंतु घोडा आणि अश्वशक्ती यांत मोठा फरक आहे. चांगला घोडा दिवसभर काम करताना एका अश्वशक्तीच्या आसपास राहतो. मात्र जमिनीचा चिवट पट्टा लागला किंवा गाडी चिखलात रुतली, तर तो क्षणभर त्याच्या अनेकपट जोर लावतो. त्या काळच्या इंजिनाला असा राखीव जोर फारसा नव्हता. कागदावर दहा घोड्यांचे असणारे यंत्र ओल्या चिकणमातीत अडून राही आणि शेजारच्या शेतातील चार घोडे पुढे निघून जात.

शिवाय कारखानदार सांगत ते आकडेही खरे असतच असे नाही. १९१४ साली बुल कंपनीचा छोटा ट्रॅक्टर अवघ्या ३३५ डॉलरांत मिळू लागला आणि त्यावर गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. परंतु एकाच चाकाने ओढणारे ते यंत्र टिकाऊ ठरले नाही. मिनियापोलिस येथे तर फोर्ड आडनावाच्या एका इसमाला हाताशी धरून 'फोर्ड ट्रॅक्टर कंपनी' उभी करण्यात आली. सुप्रसिद्ध मोटारींच्या फोर्डशी तिचा काहीही संबंध नव्हता. नेब्रास्का राज्यातील शेतकरी विल्मट क्रोझियर यांनी या कंपनीचा ट्रॅक्टर घेतला, तो निकामी ठरला. पुढे घेतलेल्या बुल ट्रॅक्टरनेही निराशाच केली. तिसऱ्या वेळी घेतलेला रूमली ट्रॅक्टर मात्र सांगितल्यापेक्षा अधिक काम देणारा निघाला.

क्रोझियर पुढे राज्याच्या विधिमंडळात गेले. त्यांनी चार्ल्स वॉर्नर यांच्यासह मांडलेले विधेयक १९१९ साली संमत झाले. राज्यात विकावयाच्या प्रत्येक नमुन्याची नेब्रास्का विद्यापीठात चाचणी व्हावी, निष्कर्ष प्रसिद्ध करावेत, आणि विक्रेत्याने सुट्या भागांचा पुरेसा साठा राज्यातच ठेवावा, असे त्या कायद्याने ठरविले. १९२० साली लिंकन येथे 'वॉटर्लू बॉय' या ट्रॅक्टरची पहिली चाचणी पूर्ण झाली. सुरुवातीच्या चाचण्यांत अनेक नमुने फेरफार केल्यावाचून उतरू शकले नाहीत. काही मागे घेण्यात आले. सुट्या भागांविषयीचे कलम येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. धनिकाचे यंत्र पंधरा दिवस बंद पडले तर त्याचा खोळंबा होतो; एकाच यंत्रावर विसंबलेल्या लहान शेतकऱ्याचा त्यात पेरणीचा हंगाम जातो. फसविल्या गेलेल्या गिऱ्हाइकाचा अनुभव कायद्याच्या भाषेत उतरल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय.

३. फोर्डसन : स्वस्ताईची कसोटी

हेन्री फोर्ड यांना आपल्या यंत्राला स्वतःचे नाव देता आले नाही, कारण ते मिनियापोलिसच्या कंपनीने आधीच घेतले होते. 'हेन्री फोर्ड आणि पुत्र' या नावाने त्यांनी १९१७ मध्ये जो ट्रॅक्टर काढला तो 'फोर्डसन' होय. पाणबुड्यांच्या वेढ्यामुळे अन्नटंचाईत सापडलेल्या ब्रिटनसाठी पहिले सहा हजार ट्रॅक्टर मागविले गेले. १९१८ पासून तो अमेरिकन शेतकऱ्यांनाही मिळू लागला. वजन सुमारे २७०० पौंड, शक्ती वीस अश्वशक्तीच्या घरात आणि किंमत आरंभी ७५० डॉलर, असे त्याचे स्वरूप होते.

१९२०-२१ मध्ये शेतमालाचे भाव कोसळले. मक्याचा भाव युद्धोत्तर तेजीच्या मानाने निम्म्याहूनही खाली गेला. अशा वेळी फेब्रुवारी १९२२ मध्ये फोर्डने आपल्या ट्रॅक्टरची किंमत ६२५ वरून एकदम ३९५ डॉलरांवर आणली. इंटरनॅशनल हार्वेस्टरसारख्या बलाढ्य कंपनीलाही आपले दर उतरवावे लागले. अनेक लहान कारखाने बंद पडले. १९२३ या एका वर्षात एक लाखाहून अधिक फोर्डसन तयार झाले. अमेरिकेतील उत्पादन १९२८ मध्ये थांबले तोवर ही संख्या सात लाखांच्या पुढे गेली होती.

इतके स्वस्त यंत्र मिळूनही घोडे मोठ्या प्रमाणावर हटले नाहीत, याचे कारण शेतकामाच्या स्वरूपात आहे. मका आणि कापूस ही ओळीने लावण्याची पिके. त्यांची उगवण झाल्यावर दोन ओळींमधून वारंवार कोळपणी करावी लागते. फोर्डसन जमिनीलगत बसका होता. वाढत्या पिकावरून तो जाऊ शकत नसे. म्हणजे नांगरट आणि पट्ट्यावरची कामे यंत्राने, आणि कोळपणी घोड्यांनी, अशी विभागणी झाली. पागेतील एखाददुसरी जोडी कमी झाली, पण पागा रिकामी झाली नाही.

दुसरी गोष्ट अवजारांची. घोड्यांच्या अवजारांची लांब दांडी तोडून ती ट्रॅक्टरमागे जोडण्याचा प्रघात सर्वत्र होता. त्यात पैसा वाचे. परंतु घोड्याच्या चालीसाठी बनविलेली गवत-कापणीची यंत्रे ट्रॅक्टरच्या वेगाने मोडत, आणि अवजारावर बसण्यासाठी दुसरा माणूस लागे. चार घोडे एकटा हाकणाऱ्या शेतकऱ्याला आता मुलाला शाळेतून काढून मागे बसवावे लागले, तर ती बचत कोणत्या रकान्यात लिहावयाची?

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर होती. नांगराचा फाळ दगडात किंवा मुळात अडकला की मागची चाके थांबत, पण इंजिन जोर लावीतच राही आणि हलका फोर्डसन पुढून उचलला जाऊन चालकाच्या अंगावर मागे उलटे. १९२२ पर्यंत अशा अपघातांत शंभराहून अधिक माणसे दगावल्याचा आरोप त्या काळच्या एका साप्ताहिकाने केला होता. आकड्याविषयी मतभेद होऊ शकेल, धोक्याविषयी नव्हता. अडलेला घोडा थांबतो आणि मान वळवून पाहतो. ही जाण यंत्राला नव्हती, आणि तिची किंमत ३९५ डॉलरांत धरलेली नव्हती.

४. जोडणीचा प्रश्न

यापुढील सुधारणा पाहिल्या तर असे दिसते की त्यांचा रोख इंजिनाच्या शक्तीपेक्षा यंत्र आणि अवजार यांच्या सांध्याकडे अधिक होता. इंजिनाची फिरती गती मागील दांड्यावाटे अवजाराला देण्याची सोय, म्हणजे आज ज्याला पी.टी.ओ. म्हणतात ती, इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९१८ पासून आपल्या काही ट्रॅक्टरांवर दिली. याच कंपनीच्या १९२४ मधील फार्मॉल ट्रॅक्टरची मागची चाके उंच व पुढची दोन चाके जवळजवळ होती. तो पिकांच्या ओळींतून कोळपे घेऊन जाऊ शकला. पागा पूर्ण रिकामी करणे प्रथमच शक्य झाले. १९३२ साली ॲलिस-चाल्मर्स कंपनीने हवा भरलेल्या रबरी टायरांचा ट्रॅक्टर बाजारात आणला. त्यामुळे शेत ते बाजार ही वाहतूकही यंत्राकडे आली.

या क्रमातील निर्णायक पाऊल आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी टाकले. अवजार ट्रॅक्टरमागे साखळीने किंवा आकड्याने ओढण्याऐवजी त्यांनी ते तीन बिंदूंनी ट्रॅक्टरच्या देहाशी जोडले. खाली दोन बाहू आणि वर एक दुवा, अशी ही रचना आहे. नांगराची ओढ वाढली की वरच्या दुव्यावर दाब येतो. तो दाब ओळखून तेलाच्या दाबाने चालणारी यंत्रणा अवजाराची खोली आपोआप कमी-अधिक करते. अवजाराचे वजन मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते, म्हणून ट्रॅक्टर हलका असला तरी चालतो. फाळ दगडाला अडला तर पुढची बाजू वर उचलली जाण्याऐवजी खाली दाबली जाते आणि मागची चाके जागच्या जागी घसरतात. फोर्डसनच्या चालकांचा जीव घेणाऱ्या अपघातावर येथे जोडणीनेच उपाय केला होता.

१९३८ मध्ये फोर्ड आणि फर्ग्युसन यांनी कोणताही लेखी करार न करता केवळ हस्तांदोलनाने एकत्र काम करण्याचे ठरविले. २९ जून १९३९ रोजी त्यांचा ९-एन हा ट्रॅक्टर डिअरबॉर्न येथे लोकांपुढे आला. तो एका आठ वर्षांच्या मुलाने चालवून दाखविला, यात जाहिरातीचा भाग होताच. परंतु मागे दुसरा माणूस बसविण्याची गरज उरली नाही, हेही त्यातून सिद्ध झाले. किंमत ५८५ डॉलर होती. फोर्डसनच्या १९२२ मधील किमतीहून ती जवळजवळ निम्म्याने अधिक, आणि त्याच्या खास अवजारांचा खर्च वेगळा. तरीही लहान शेतकऱ्याने तो पत्करला, कारण या यंत्राच्या आगमनाने घोडे खरोखरच विकता येत होते.

हस्तांदोलनाचा हा करार पुढे मोडला. १९४७ मध्ये फोर्डने ८-एन हा सुधारित ट्रॅक्टर स्वतंत्रपणे काढला. फर्ग्युसन यांनी दावा लावला आणि १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरांवर तडजोड झाली. ८-एन मात्र त्या पाच-सहा वर्षांत पाच लाखांहून अधिक निघाला. १९५४ च्या सुमारास अमेरिकेतील शेतांवर ट्रॅक्टरांची संख्या घोडे व खेचरे यांच्या एकत्रित संख्येहून अधिक झाली.

५. उलटलेले नाते

या इतिहासाची अखेर अनपेक्षित आहे. घोडा शेतकामातून गेला, पण पुढील दशकांत तो छंद, रपेट आणि स्पर्धा यांसाठी लहान जागांवर परत आला. पाच-दहा एकर कुरण, दोन-चार घोडे आणि बेताचे उत्पन्न, अशा कुटुंबांनी जे पहिले यंत्र घेतले ते पुष्कळदा जुना ८-एनच होता. ज्या यंत्राने घोड्यांना शेतातून घालविले, तेच आता कुरण कापणे, लीद पसरणे, रिंगणाची माती सारखी करणे आणि वैरण वाहणे ही घोड्यांची सेवा करू लागले. पूर्वी घोडा कमावीत असे आणि यंत्राला स्वतःची किंमत सिद्ध करावी लागे. आता घोडा काही कमावीत नाही, म्हणून यंत्रावर खर्च करावयाची रक्कम अधिकच तोकडी असते.

जुना हिशेब येथेही तसाच लागू पडतो. ८-एन स्वस्त मिळतो, त्याचे सुटे भाग सहज उपलब्ध असतात आणि साध्या हत्यारांनी तो दुरुस्त होतो. क्रोझियर यांच्या कायद्यातील सुट्या भागांचे कलम येथे आठवावे. परंतु त्याचा पी.टी.ओ. क्लचवर अवलंबून आहे. क्लच दाबला तरी गवत कापणाऱ्या यंत्राचे जड फिरते पाते आपल्या वेगाने ट्रॅक्टरला पुढे ढकलीत राहते. कुंपणाजवळ, आणि कुंपणापलीकडे घोडा उभा असताना, हे घातक ठरू शकते. त्यावर एकाच दिशेने जोर पोहोचविणारा जोडभाग बसवावा लागतो. क्लच दाबल्यावरही स्वतंत्रपणे चालणारा पी.टी.ओ. कॅनडाच्या कॉकशट कंपनीने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धातच दिला होता. ८-एनचा पुढचा आस गवताचे मोठे गोल भारे पुढून उचलण्याच्या बेताचा नाही. आणि तो उलटल्यास चालकाला वाचविणारी चौकट त्यावर मूळची नाही. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट सक्तीची केली. अमेरिकन कारखानदारांनी ती सर्वसाधारणपणे १९८५ पासून देण्यास सुरुवात केली. ही भर घालण्याचा खर्च धरला नाही, तर १९२२ च्या शेतकऱ्याने केलेली चूकच पुन्हा होते.

१९७० च्या दशकापासून जपानी बनावटीचे लहान डिझेल ट्रॅक्टर या बाजारात आले. १९९४ पासून महिंद्र कंपनीनेही अमेरिकेत शाखा काढून अशा जागांना उपयुक्त असे ट्रॅक्टर विकण्यास आरंभ केला. या कंपनीचा ट्रॅक्टर-व्यवसाय १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाला तो इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या, म्हणजे फार्मॉल काढणाऱ्या कंपनीच्याच, सहकार्याने. त्यामुळे या अमेरिकन इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातून फिरून पुन्हा तेथेच पोहोचला असे म्हणता येते.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की लहान शेतकऱ्याच्या संदर्भात ट्रॅक्टरची किंमत ही स्वतंत्र संख्या नव्हे. अवजारे, सुटे भाग, दुसऱ्या माणसाची मजुरी आणि घोड्यांची चालू वैरण यांच्यासह ती वाचावी लागते. दुसरी ही की घोड्याची जागा यंत्राने घेतली ती अश्वशक्तीचा आकडा वाढल्यामुळे नव्हे, तर जुंपण्याची रीत बदलल्यामुळे. फोर्डसन आणि ९-एन यांच्या शक्तीत फारसे अंतर नव्हते; अंतर होते ते सांध्यात. तिसरी ही की चालकाच्या जिवाचा धोका हा विक्रीच्या आकड्यातून प्रत्येक वेळी गळाला, आणि प्रत्येक वेळी तो प्रथम चुकविला तो कमी पैसे असलेल्यानेच.

घोडा विकत घेताना जाणता माणूस त्याचे दात पाही, खूर उचलून पाही आणि मग त्याला गाडीला जुंपून चार पावले चालवून पाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत दात आणि खूर पाहण्याची विद्या शेतकऱ्यांनी लवकर आत्मसात केली. जुंपून पाहण्याचे महत्त्व पटण्यास मात्र दोन दशके लागली.